द्राक्षाच्या खोडांवरची आमरी

जुन्नर,
९ जून २०२४

आदरणीय सुदर्शनकाका,

सलाम. तुम्ही टेम्पोत घालून पाठवलेली द्राक्षाची खोडं गेल्या आठवड्यात गच्चीवर चढवली. नौशादभाईने एक खोड उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "याचं काय करणार? याची एक फळी निघायची नाही." त्याला दुकानात दिवसभर सरळ लाकूड बघायची सवय. मला मात्र ती वेडीवाकडी, भेगाळलेली खोडं बघताच आवडली. अब्बांची आमरीची, म्हणजे ऑर्किडची, झाडं मातीत रुजत नाहीत, त्यांना मूळ रोवायला खरबरीत लाकूड लागतं, आणि यापेक्षा खरबरीत काय असणार?

जानेवारीत अब्बांना झटका आला तेव्हा तुम्ही दवाखान्यात त्यांच्यासोबत होतात, त्यामुळे तिथपर्यंतचं तुम्हाला माहीत आहे. आता ते काठी घेऊन जिना चढतात. बोलणंही बरंच सुधारलंय. उजवा हात मात्र अजून उचलत नाही. चाळीस वर्षं ज्या हाताने रंधा मारला तो हात मांडीवर ठेवून ते खुर्चीत बसतात आणि मी झाडं कशी बांधते ते बघतात. एकूण बासष्ट झाडं आहेत. एकवीस कोळशाच्या कुंड्यांत आहेत, ती तशीच ठेवली. उरलेली एक्केचाळीस आंब्याच्या सालींवर होती. त्या साली इतक्या कुजल्या होत्या की बोट लावलं तरी भुगा पडत होता. ती सगळी सोडवून तुमच्या खोडांवर बांधली. मुळांखाली नारळाच्या काथ्याची पातळ गादी ठेवली. खारटपणा जावा म्हणून काथ्या तीन दिवस पाण्यात ठेवून रोज पाणी बदललं. वरून अम्मीच्या जुन्या साडीच्या पट्ट्यांनी बांधलं. अम्मी असती तर ओरडली असती.

एक गोष्ट तुम्हालाच सांगते. पेठच्या नर्सरीवाल्या भरतरावांनी सगळी झाडं मागितली आहेत. अब्बा त्यांना म्हणाले, "पावसाळा जाऊ द्या. पोरीला जमलं तर झाडं तिची. न्हाई जमलं तर दसऱ्यानंतर घेऊन जावा." माझ्यासमोरच म्हणाले. संगमनेरच्या सासरहून परत आल्याला मला तीन वर्षं झाली. या घरात स्वयंपाकघर भाभीचं, दुकान भाईचं. गच्ची तेवढी माझी व्हावी असं फार वाटतं, काका.

गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं? काकूंना सलाम.

तुमची,
अमरीन

राजुरी,
१६ जून २०२४

चि. अमरीन,

अनेक आशीर्वाद. हे पत्र पोचेपर्यंत तुमची ईद होऊन गेलेली असेल. शिरखुर्मा या ईदेला नसतो हे मला ठाऊक आहे, तरी माझा वाटा ठेवायला हरकत नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन आळेफाट्याला झालं. डॉक्टर म्हणतो, दसऱ्यापर्यंत एसटीत चढायचं नाही. तुझी काकू त्याच्याही पुढची. ओट्यावरून उतरलो तरी कोर्टात उभं केल्यासारखं विचारते. फोनचं म्हणशील तर वीस वर्षं फवारणीच्या ब्लोअरशेजारी बसून माझे कान गेले, आणि मोबाईल सुनेकडे असतो. त्यावर काही लिहिलं की आधी सगळं घर वाचतं, मग मी. म्हणून पोस्ट बरं.

खोडं तुला आवडली याचा मला फार आनंद झाला. सतरा वर्षांची बाग होती. मे महिन्यात काढून टाकली, तेव्हा जीव तुटत होता. खोडं बांधावर टाकली होती, तुझं काम ऐकलं आणि वाटलं, चला, यांचं काहीतरी चांगलं होईल. बिनधास्त वापर. काढणीआधीचे तीन महिने आणि नंतरही बागेवर एक फवारणी नव्हती. आमचा माल बाहेरच्या देशात जायचा, त्यामुळे औषधाचा अंश राहिला तर अख्खा कंटेनर परत येतो. तुझ्या अब्बांना, गफूरला सांग, म्हणावं सुदर्शनने तपासून दिलेला माल आहे.

तुला ठाऊक नसेल, आमची ओळख या आमरीनेच झाली. तुझा बाप आमच्याकडे चौकटी बसवायला आला होता. मी म्हणालो, "मिस्त्री, चढलाच हायसा शिडीवर तर बांधावरच्या आंब्यावरची ती बांडगुळं बी काढून टाका." तो वर गेला, खूप वेळ तिथेच बसला आणि खाली येऊन मलाच झापलं. "पावणं, ह्ये बांडगूळ न्हाई. बांडगूळ झाडाचं रगत पितं. ही आमरी हाय, ही नुसती झाडावर बसती. खाती वारा आन् पानी." रास्ना जातीची आमरी होती ती. मी चाळीस वर्षं तिला शिव्या देत होतो. त्या दिवशी फुलली होती, आणि मी पहिल्यांदा मान वर करून पाहिली.

तू चांगलं करशील. मन लावून करणाऱ्याला झाडं ओळखतात.

तुझा,
सुदर्शनकाका

जुन्नर,
१४ जुलै २०२४

आदरणीय सुदर्शनकाका,

सलाम. काहीतरी चुकतंय आणि काय ते मला कळत नाही.

पहिले तीन आठवडे छान गेले. जूनअखेर प्रत्येक झाडाला नवी मुळं फुटली. पांढरी जाड मुळं, टोकाला पोपटी. मी रोज सकाळी शाळेत शिकवायला जायच्या आधी मोजायची. गेल्या आठवड्यापासून ही टोकं काळी पडायला लागली. नवं मूळ खोडाला टेकलं की दोन-तीन दिवसांत टोक काळं होतं, सुकतं आणि गळतं. मग दुसरं फुटतं, त्याचंही तेच. पानांना सुरकुत्या पडल्या आहेत. हिवाळ्यात फुलणारी ती पांढरी डेंड्रोबियम, अब्बांची सर्वांत लाडकी, तिचे चार कोंब गेले.

कोळशाच्या कुंड्यांतली एकवीस झाडं ठणठणीत आहेत. अब्बा म्हणतात, तोच पुरावा. कोळसा पाणी धरून ठेवत नाही म्हणून ती वाचली, आणि खोडांवर काथ्या आहे म्हणून तिथे तू घातलेलं पाणी साचतं. मी पाणी कमी केलं. काथ्याही काढला. वर सावलीचं नेट आहे, पाऊसही अर्धाच येतो. तरी मुळं काळी पडतातच. काही खोडांच्या भेगांत निळसर हिरवं काहीतरी दिसतं, चुन्यासारखं भुरभुरीत. ते कशामुळे असेल?

काल अब्बा म्हणाले, "अमरीन, हाताला गुण लागतो." वाईट हेतूने म्हणाले नसतील. पण जिन्यात भाभी उभी होती आणि तिने माझ्याकडे बघितलं. संगमनेरला माझ्या सासूने हेच वाक्य दुसऱ्या कारणासाठी म्हटलं होतं.

तुम्ही शेती करता. काही सुचलं तर लवकर कळवा.

अमरीन

राजुरी,
२३ जुलै २०२४

चि. अमरीन,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. इकडे पाऊस बरा आहे. गुडघा पावसात ठणकतो. काकूने मेथीचे लाडू केले आहेत, कुणाबरोबर तरी पाठवतो. सोयाबीन हातभर आलं आहे.

झाडांचं म्हणशील तर तू घाबरू नकोस. मला वाटतं, द्राक्षाचं लाकूड या कामाला तितकं चांगलं नसावं. पावसात ते लवकर कुजतं. माझं ऐकशील तर झाडं त्यावरून सोडव आणि पुन्हा आंब्याच्या सालीवर बांध. म्हाताऱ्या आंब्याची सुकलेली साल मिळाली तर उत्तम. मुळं सोडवताना स्वच्छ पाण्याने धुऊन घे, चांगली दोन-तीनदा धू. शक्यतो या आठवड्यातच कर. ते निळसर म्हणतेस ते शेवाळ असेल.

गफूरला याबद्दल फार विचारत बसू नकोस. आजारी माणूस, उगाच डोक्याला ताप. तू आपली गुपचूप करून टाक.

तुझा हात चांगला आहे, मनाला लावून घेऊ नकोस.

सुदर्शनकाका

जुन्नर,
११ ऑगस्ट २०२४

सुदर्शनकाका,

सलाम. लाडू मिळाले. अब्बांना आवडले.

तुम्ही सांगितलं तसं गुपचूप करायला गेले आणि पकडली गेले. तीन झाडं सोडवली होती, तेवढ्यात अब्बा वर आले. इतके चिडलेले मी त्यांना दवाखान्यातून आल्यापासून पाहिले नव्हते. "सुदर्शननं दिल्याली खोडं हायती ती. त्यानं गुडघं धरून निवडून धाडली. काढायची न्हाईत." मी म्हटलं, काकांनीच काढायला सांगितलं आहे, पत्र दाखवू का? तर म्हणाले, "त्यो तुझं मन राखायला लिव्हतोय. आपली चूक दुसऱ्याच्या लाकडावर ढकलू नको." तिन्ही झाडं त्यांनी माझ्याकडून पुन्हा त्याच खोडांवर बांधून घेतली.

आजपर्यंत एकोणीस गेली. सुकलेली झाडं मी फेकत नाही, एका टोपलीत ठेवली आहेत. झारी अब्बांनी स्वतःच्या खुर्चीखाली ठेवून घेतली आहे. मी शाळेतून येते, ते झारी देतात, मी त्यांच्यादेखत पाणी घालते आणि झारी परत करते. चौतीस वर्षांची बाई आहे मी. शाळेत साठ पोरांना सांभाळते.

काका, तुम्ही अब्बांना दोन ओळी लिहा. नुसतं एवढंच लिहा की द्राक्षाचं लाकूड या कामाचं नाही, ते काढा. का नाही तेही लिहा, कारण ते कारण विचारतील. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही, तुमच्यावर डोळे मिटून आहे. तुमच्या शब्दाने उरलेली झाडं वाचतील.

वाट बघते.

अमरीन

जुन्नर,
८ सप्टेंबर २०२४

सुदर्शनकाका,

सलाम. काल तुमच्या घरी गणपती बसले असतील. तुमचं पत्र आलं नाही. आधी वाटलं पोस्टात अडकलं, मग वाटलं तब्येत बरी नसेल. गेल्या बुधवारी बसस्टँडवर राजुरीचे एक मास्तर भेटले. ते म्हणाले, सुदर्शनराव हिंडतात फिरतात, रोज देवळापर्यंत जातात. ऐकून बरं वाटलं.

सव्वीस गेली. पांढऱ्या डेंड्रोबियमचा शेवटचा कोंबही परवा गेला. भरतराव दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येणार आहेत. अब्बांनी स्वतः फोन करून तारीख दिली. मी समोर बसले होते.

माझं काही चुकलं असेल तर तेही सांगा. पण काहीतरी सांगा.

अमरीन

राजुरी,
१९ सप्टेंबर २०२४

चि. अमरीन,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं आहे. आता आहे तसं पाठवतो. तू वाच आणि मग गफूरला मोठ्याने वाचून दाखव.

तुझं काही चुकलेलं नाही. झाडं माझ्या खोडांनी मारली.

द्राक्षाच्या वेलीची आम्ही वर्षातून दोनदा छाटणी करतो. छाटणी झाली की खोडाची सुटलेली साल खरवडायची आणि मोरचूद-चुन्याची पेस्ट ब्रशने खालपासून वरपर्यंत फासायची. रोग येऊ नये, कीड शिरू नये म्हणून. सतरा वर्षं, वर्षातून दोनदा. म्हणजे त्या खोडांत किती मोरचूद मुरलं असेल ते तूच बघ. मोरचूद म्हणजे तांबं, आणि ते बुरशी मारतं तसं कोवळं मूळही मारतं. मी तुला लिहिलं होतं की बागेवर फवारणी नव्हती, ते खरंच होतं. आमच्या डोक्यात हिशोब द्राक्षमण्यावरच्या औषधाचा. खोडाची पेस्ट कुणी औषधात धरत नाही, ती घराला चुना लावल्यासारखी. तुला खोडं देताना मला ती आठवलीसुद्धा नाही. अल्लाची आणि माझ्या देवाची शपथ.

पण चौदा जुलैचं तुझं पत्र वाचलं आणि "निळसर" या शब्दापाशी मला सगळं कळलं. त्याच मिनिटाला. तरी मी तुला शेवाळ असेल म्हणून लिहिलं. पुढचं सगळं त्या एका खोट्यामुळे झालं.

का लिहिलं ते सांगतो, माफीसाठी नाही. दवाखान्यात गफूरला जेमतेम दोन शब्द बोलता यायचे तेव्हा त्याने माझा हात धरून झाडांचंच विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "मी हाय ना." मग त्याचीच झाडं मी मारली हे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू? वाटलं, तू गुपचूप खोडं बदलशील, झाडं सावरतील आणि कुणाला कळणारही नाही. तुझं ऑगस्टचं पत्र आलं, त्यात गफूर म्हणाला होता की सुदर्शनने दिलेली खोडं काढायची नाहीत. ते वाचल्यावर तर माझी हिंमतच गेली. झारीचं वाचून मी दोन दिवस जेवलो नाही, पण पत्र काही लिहिलं नाही. देवळात जात होतो हे खरं आहे.

काकूला काल सांगितलं. ती म्हणाली, "पोरीच्या जिवाशी खेळ झाला तुमच्या लाजेपायी." बरोबर बोलली.

सगळी खोडं आजच्या आज काढ. गच्चीवर सरपण म्हणूनही ठेवू नकोस. दसरा जवळ आहे. गफूरने झाडं तुझ्याकडून काढून घेऊ नयेत म्हणून हे पत्र.

सुदर्शन

जुन्नर,
२९ सप्टेंबर २०२४

सुदर्शनकाका,

सलाम. तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. आधी एकटीने वाचलं, मग गच्चीवर जाऊन अब्बांना वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही.

वाचताना मला राग येत होता, तो अजून आहे. दोन महिने मी स्वतःचे हात बघत होते. वर्गात फळ्यावर लिहिताना बघायची, पीठ मळताना बघायची. एकदा भाभीच्या बाळाला घ्यायला पुढे केलेले हात मी मागे घेतले होते. तेव्हा तुमच्याकडे उत्तर होतं आणि तुम्ही सोयाबीन किती उंच झालं ते लिहीत होतात. हे मी विसरेन असं मला वाटत नाही.

पण पुढचं ऐका. पत्र संपलं. मला वाटलं अब्बांना धक्का बसला. मी पाणी आणायला उठले तर म्हणाले, "मला ठावं व्हतं."

मी विचारलं, "काय ठाऊक होतं?"

"मोरचूद. लाकूड हातात धरलं की कळतं मला. जूनमधीच भेग खरवडून चाटली व्हती."

काका, मी खाली बसले. मी विचारलं, जूनपासून ठाऊक होतं तर बोलला का नाहीत? खोडं काढू का दिली नाहीत? ते म्हणाले, "सुदर्शनला लई वाईट वाटलं असतं. पाय फाडून पडल्याला बिचारा. मला वाटलं, पावसानं धुऊन जाईल."

मी विचारलं, "आणि मला वाईट वाटलं त्याचं काय?"

त्यांना प्रश्नच कळला नाही असं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू घरचीच हाईस की."

तुम्ही दोघांनी एकमेकांना जपलं. त्यांनी तुमच्यासाठी तोंड बंद ठेवलं, तुम्ही त्यांच्यासाठी ठेवलं, आणि दोघांच्या मध्ये दोष ठेवायला जागा हवी होती ती माझ्यावर ठेवली. मी घरची होते, तो माझ्यावर पडून राहिला असता. दोघांपैकी कुणी वाईट नाही हेच मला जास्त लागतं. वाईट असतात तर भांडून मोकळी झाले असते.

त्यानंतर अब्बा म्हणाले, "गुण हाय तुझ्या हाताला, झाडं तुझीच." इतके महिने जे ऐकायला जीव टांगणीला लागला होता तेच वाक्य, आणि ऐकून मला काहीच वाटलं नाही. मी खुर्चीखालची झारी उचलली आणि खाली जाऊन भरतरावांना फोन केला, की गाडी आणू नका, झाडं द्यायची नाहीत. अब्बांना विचारलं नाही. भाईलाही नाही. फोन ठेवल्यावर मात्र रडले.

त्याच दुपारी सगळी खोडं उतरवली. एक्केचाळिसांपैकी अकरा जिवंत निघाली, म्हणजे कुंड्यांतली धरून बत्तीस. अकरांची मुळं धुतली, काळी टोकं कापली आणि सध्या ती नुसत्या कोळशावर ठेवली आहेत. त्यातल्या तिघांची मला खात्री नाही. अब्बांनी खुर्चीतून काही सांगायला सुरुवात केली तेव्हा मी म्हटलं, आता मी विचारेन तेव्हाच सांगायचं. दुखावले असतील. असू देत.

डॉक्टरांनी तुम्हाला दसऱ्यानंतर एसटीची परवानगी दिली आहे. पहिल्या रविवारी या. तुमच्या बांधावरच्या त्या म्हाताऱ्या आंब्याच्या गळून पडलेल्या साली घेऊन या, हातभर लांबीच्या अकरा. त्या झाडाला कधी काही फासलं असेल, अगदी चुनासुद्धा, तर आधी सांगा. आल्यावर अब्बांजवळ बसायचं नाही, थेट गच्चीवर यायचं. मी सांगेन तशा साली धरायच्या, मी बांधेन. अकरा झाडं बांधून झाल्यावर खाली जाऊन मित्राला काय सांगायचं ते सांगा, आणि काय ऐकायचं ते ऐका. चहा तेव्हा मिळेल.

अमरीन